यीस्टसाठी घासलेली बादली

ओट्यावर झाकणाची पांढरी प्लास्टिकची बादली, तिच्यात वीसेक लिटर तपकिरी, गोडसर, जरा कडवट वासाचे पाणी निवत पडलेले. शेजारी रबरी नळी, लांब दांड्याचा चमचा, बूच, तापमापक, आणि दुसऱ्या एका बादलीत पोहण्याच्या तलावासारखा अगदी पुसट वास येणारे साधे दिसणारे पाणी. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये घरी बिअर करणाऱ्याच्या स्वयंपाकघरातले हे सुट्टीच्या दिवसाचे दृश्य. पाहुणा आला की तो पहिल्या बादलीत डोकावतो. यजमानाचे लक्ष मात्र दुसरीकडे असते. माल्ट कुठले, हॉप्स कुठल्या, यावर तो तासभर बोलू शकतो. पण त्याच्या हातांचा दिवस गेलेला असतो धुण्यात. या छंदातले लोक आपली ओळख भांडी घासणारे अशी करून देतात, ती अर्धीच थट्टा असते.

पहिल्या बादलीतल्या पाण्याला वर्ट म्हणतात. बार्ली, म्हणजे आपल्याकडचे जव किंवा सातू, भिजवून मोड आणायचे, ते सुकवायचे (हे झाले माल्ट), भरडायचे आणि गरम पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या घरांना यातला मोड आणण्याचा भाग नवा नाही. पुढे हे गोड पाणी हॉप्स नावाची कडवट फुले घालून साधारण तासभर उकळतात. उकळताना त्यात जगणारे जवळजवळ काही उरत नाही. पण यीस्ट उकळत्या पाण्यात घालता येत नाही. ते घालायला पाणी वीस अंशांच्या आसपास निवावे लागते. साखर भरपूर, उष्णता बेताची, विरोध करणारे कोणी नाही: अशी ही मधली वेळ आहे, आणि घरी बिअर करण्यातली सगळी काळजी या वेळेभोवती गोळा झालेली असते.

कारण यीस्ट आळशी नसले तरी सावकाश असते. नव्या पाण्यात पडल्यावर ते आधी जागेचा अंदाज घेते, मग वाढू लागते. वरून काही दिसायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. मनासारखे वातावरण मिळाले तर काही जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यीस्टला तेवढ्यासाठी दीड-दोन तास हवे असतात. म्हणजे शर्यत बरोबरीची नाही. एकदा यीस्टने जम बसवला की पारडे फिरते: ते साखर खाऊन टाकते, प्राणवायू संपवते, आम्लता वाढवते, मद्यार्क सोडते, आणि मागून येणाऱ्यांसाठी घर राहण्यालायक ठेवत नाही. बादली, नळी, चमचा यांवरचे जंतू मारायचे ते एवढ्यासाठी की पहिल्या दिवशी यीस्टला गर्दीत उभे राहावे लागू नये. सगळे जंतू कायमचे संपवणे हा हेतूच नाही. निर्जंतुक करणे आणि जंतू मोजके उरतील इतके कमी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्रक्रियेच्या खोलीला पहिली लागते, बिअरच्या बादलीला दुसरी पुरते.

जंतू शिरले तर काय होते, हे सांगायला मराठीइतकी तयारीची भाषा क्वचित सापडेल. दूध नासते, भाजी विटते, फळ सडते, कांदा कुजतो, तूप खवट होते, लोणच्याला बुरा येतो. प्रत्येक पदार्थाने बिघडायचे आपापले क्रियापद राखून ठेवले आहे. आणि यांच्यात एक क्रियापद दोन्ही तोंडांनी बोलते: आंबणे. इडलीचे पीठ आंबले ही आनंदाची बातमी असते, वरण आंबले ही वाईट. घडलेली गोष्ट जवळपास तीच. फरक इतकाच की एक कोणी तरी मुद्दाम करवून घेतली आणि दुसरी कोणी बोलावल्याशिवाय झाली. वर्टचेही तसेच. लॅक्टोबॅसिलस आले की बिअर ताकासारखी आंबट होते. पेडिओकॉकस आले तर तिला लोण्यासारखा वास येतो, कधी ती तारेसारखी चिकटही होते. हवा जास्त लागली आणि ॲसिटोबॅक्टर शिरले की मद्यार्काचे व्हिनेगर होते. रानटी यीस्ट आले तर लवंगेपासून ओल्या घोंगडीपर्यंत काहीही. माणसाला आजारी पाडणारे जंतू मात्र पूर्ण आंबलेल्या बिअरमध्ये सहसा टिकत नाहीत. आम्लता, मद्यार्क आणि हॉप्सचा कडवटपणा त्यांना सोसत नाही. म्हणजे एवढी सगळी खटपट जिवाच्या भीतीने नव्हे, चवीच्या भीतीने चाललेली असते. हे लक्षात आले की त्या घासण्यापुसण्याकडे बघण्याची नजर थोडी मऊ होते.

बिअर बिघडते ती कोणाच्या तरी येण्याने, हे नीट सांगितले लुई पाश्चर यांनी. त्यांचे बिअरवरचे पुस्तक १८७६ मध्ये आले. सात वर्षांनी, १८८३ मध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी एका पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट वापरात आणले. तोवर यीस्ट म्हणजे मागच्या खेपेच्या तळाचा साका होता, आपल्या विरजणासारखा: शेजारणीकडून आणायचा, तिच्या घरचे गुणदोष त्याच्याबरोबर आले तर तक्रार करायची नाही. हान्सेन यांच्यानंतर कोणाला बोलवायचे हे नेमके ठरवता येऊ लागले, आणि म्हणूनच न बोलावलेल्यांचा त्रास जास्त जाणवू लागला.

घरच्या बिअरला कायद्याने वाट दिली ती उशिरा. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला परवाना लागत असे, ती अट १९६३ मध्ये गेली. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली. घरच्या वाइनला त्या वेळी मोकळीक मिळाली, घरची बिअर मात्र राहून गेली; ती उणीव भरून काढणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांची सही १९७८ मध्ये झाली. मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्ये तर २०१३ पर्यंत अडून होती. इतकी वर्षे लपूनछपून किंवा कडेकडेने चाललेल्या या छंदाला दुकान नव्हते, खास औषधे नव्हती. त्यामुळे धुण्याच्या खोलीत आणि स्वयंपाकाच्या फळीवर जे सापडेल त्यातून जंतुनाशक तयार करण्याची सवय लागली आणि पुढे दुकाने आली तरी ती सुटली नाही. महाराष्ट्रात हे लिहिताना एक गोष्ट सांगणे भाग आहे: १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा येथे गुन्हा आहे. मराठीत या कामाला निरपराध शब्दही नाही. हातभट्टी म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो गाळलेल्या दारूचा पत्र्याचा डबा आणि वर्तमानपत्रातली विषबाधेची बातमी. बिअर गाळत नाहीत, ती नुसती आंबवतात, हा भेद शब्दात मावत नाही. तरी जंतू कमी करण्याची विद्या कायद्याच्या अलीकडेही तितकीच उपयोगी आहे. कोंबुचा, आल्याचे फसफसते सरबत, लोणचे, घरचे व्हिनेगर, साधे दही, सगळ्यांचे पहिले पान तेच.

त्या पानावर पहिली ओळ जंतुनाशकाची नाहीच, घासण्याची आहे. मळावर जंतुनाशक ओतले की ते मळाशी झुंजण्यात खर्च होते आणि मळाखालचे जंतू शांतपणे बसून राहतात. जुन्या नळीच्या आतल्या बाजूला बोट फिरवले तर बुळबुळीत लागते. तो जीवाणूंनी स्वतःभोवती विणलेला थर असतो आणि त्याला पातळ रसायन भेदत नाही. यासाठी धुण्याचा सोडा चांगला. तो आम्लाच्या उलट गुणाचा असल्याने चिकट साका सुटा करतो. कोमटाहून गरम पाण्यात तो घालून बादली तासभर भिजवली तर घासायचे फारसे उरत नाही. धुण्याच्या पावडरींमध्ये ज्याला प्राणवायूचे ब्लीच म्हणतात ते सोडियम परकार्बोनेट म्हणजे सोड्याला चिकटलेले हायड्रोजन पेरॉक्साइड. ते आणखी बरे, फक्त वासाचे आणि रंगाचे घेऊ नये. चुलीच्या राखेने भांडी घासणाऱ्या बायका हेच करत होत्या. राखेतला क्षार हा सोड्याचाच जवळचा भाऊ. साबण मात्र टाळावा, कारण त्याचा पातळ पापुद्रा मागे राहतो आणि बिअरवरचा फेस बसवून टाकतो. तारेची घासणी तर प्लास्टिकच्या बादलीची वैरीणच. तिने काढलेल्या एकेका ओरखड्यात जंतूंना वाडा मिळतो, आणि मग कितीही भिजवले तरी ते तिथून निघत नाहीत. ओरखडलेली बादली पाणी साठवायला द्यावी, तिच्याकडून बिअरची अपेक्षा करू नये.

मग येते ती दुसरी बादली, पुसट वासाची. तिच्यात असते कपड्यांचे ब्लीच आणि थोडे व्हिनेगर.

ब्लीचचा इतिहास तसा धोब्याचा इतिहास आहे. क्लोरीन वायू कार्ल शेले यांना १७७४ मध्ये सापडला. पुढच्या दशकात क्लोद बर्तोले यांनी पॅरिसजवळच्या जाव्हेल गावी त्याचे कापड पांढरे करणारे पाणी केले. फ्रान्समध्ये ब्लीचला अजून त्या गावाचेच नाव आहे. १७९९ मध्ये ग्लासगोचे चार्ल्स टेनंट यांनी क्लोरीन चुन्यात मुरवून कोरडी पूड केली. कापडासाठी निघालेली ही पूड माणसांच्या कामी आली ती व्हिएन्नात. १८४७ च्या मे महिन्यात इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना त्या पुडीच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्या कक्षातल्या शंभरात अठरांहून अधिक बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये दोनच्या आसपास. जंतू असे काही असते हे सेमेलवाइस यांना ठाऊक नव्हते. हातांना येणारा मढ्याचा वास कशाने जातो, एवढेच त्यांनी पाहिले होते.

त्या पुडीची महाराष्ट्राशी ओळख जुनी आणि रोजची आहे. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलेले पोते, त्यावर हात लागताच नाकात चढणारा वास, आणि पावसाळा सुरू झाला की विहिरीत बादलीने सोडले जाणारे पांढुरके पाणी: ती टीसीएल. उष्ण हवेत टिकावी म्हणून त्यात चुना वाढवलेला असतो, त्यावरूनच तिचे इंग्रजी नाव पडले. पण गावाने तीन अक्षरांवर भागवले. पोते उघडे राहिले तर ती हवा खाऊन मरते, हे पाणी सोडणाऱ्या शिपायाला माहीत असते. बाटलीतल्या ब्लीचलाही ऊन आणि उष्णता सोसत नाही. उन्हाळाभर खिडकीत राहिलेल्या बाटलीत ब्लीच कमी आणि मिठाचे पाणी जास्त उरते. वास येतो म्हणजे जोर आहे, हा समज फसवा.

आता व्हिनेगर कशाला, हा या घरगुती कृतीतला सर्वांत सुंदर भाग. ब्लीचमधला क्लोरीन पाण्यात दोन रूपांत राहतो. एक हायपोक्लोराइट, विद्युतभार घेऊन फिरणारे. दुसरे हायपोक्लोरस आम्ल, भार नसलेले. जंतूच्या पेशीचे कवच भार असलेल्याला सहज आत घेत नाही, दुसऱ्याला घेते. म्हणून दुसरे रूप कितीतरी पटींनी मारक. कोणते रूप किती, हे पाण्याच्या आम्लतेवर ठरते: पीएच साडेसातच्या सुमाराला दोन्ही निम्मे-निम्मे, त्याच्या वर पहिल्याचे राज्य, सहाच्या खाली जवळजवळ सगळे दुसरे. बाटलीतले ब्लीच मुद्दाम अकरा-बाराच्या पीएचला ठेवलेले असते, कारण तिथे ते टिकते. टिकणे आणि मारणे या दोन गुणांचे एकमेकांशी पटत नाही. चमचाभर व्हिनेगर ही टिकाऊ, सुस्त बाटली जागी करते. पण जागी झालेली फार वेळ जागी राहत नाही. म्हणून हे पाणी त्या त्या दिवशी करायचे आणि काम झाले की टाकून द्यायचे.

अमेरिकी छंदिष्टांत रूढ असलेले प्रमाण असे: पाच गॅलन म्हणजे सुमारे १९ लिटर थंड पाणी, त्यात ३० मिलिलिटर साधे, बिनवासाचे, सुमारे पाच टक्क्यांचे ब्लीच, ते नीट ढवळून पूर्ण पातळ झाल्यावर ३० मिलिलिटर पांढरे व्हिनेगर. क्लोरीन दशलक्षात ८० भागांच्या आसपास येतो. हल्लीची काही ब्लीच आठ टक्क्यांपर्यंत जातात, तिथे ते कमी घ्यावे. बाटलीवरची बारीक अक्षरे वाचण्याला पर्याय नाही. क्रम मात्र कधीही बदलायचा नाही. ब्लीच आणि व्हिनेगर एकाच पेल्यात, न पातळ करता एकत्र आले तर आम्लता इतकी वाढते की क्लोरीन वायूच सुटतो, आणि तो पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडलेला तोच वायू आहे. संडास धुण्याचे ॲसिड व्हिनेगरपेक्षा कितीतरी जहाल. ते ब्लीचच्या जवळपासही नको, आणि अमोनिया असलेले काच पुसायचे पाणीही नको. खिडकी उघडी, हातमोजे घातलेले, मुले बाहेर. पाणी फार क्षारांचे असेल तर तेवढे व्हिनेगर त्याला पुरेसे आंबवू शकत नाही. अशा वेळी व्हिनेगर वाढवत बसण्याऐवजी भांडी जास्त वेळ भिजवणे शहाणपणाचे. व्हिनेगर अजिबात न घालता, लिटरला चार मिलिलिटर ब्लीच घेऊन वीस मिनिटे भिजवायचे, ही जुनी सरळ पद्धत आजही चालते.

भिजवून काढलेली भांडी न धुता वापरावीत की धुऊन, यावर छंदिष्टांत एकमत होत नाही. इतक्या पातळ द्रावणानंतर धुवायला नको, असे एक बाजू म्हणते. पण क्लोरीनचा थेंब बिअरमधल्या फिनॉल जातीच्या द्रव्यांना भेटला की क्लोरोफिनॉल तयार होते आणि अब्जात काही भाग असले तरी ते जिभेला कळते. चव कशी, तर दवाखान्यात जखमेवर बांधलेल्या पट्टीसारखी. दोन-तीन आठवड्यांची मेहनत त्या वासाने जाते. तेव्हा उकळून निवलेल्या पाण्याने एकदा खळबळून घेणे बरे. नळाच्या पाण्याने धुणे म्हणजे हाकललेल्या पाहुण्यांना मागच्या दाराने आत घेणे. स्टीलच्या भांड्यात हे पाणी रात्रभर ठेवू नये, क्लोरीन स्टीलला बारीक खड्डे पाडतो.

ब्लीचचा वास ज्यांना नको ते गंधकाकडे जातात. हाही रस्ता फार जुना आहे. युरोपातले वाइनवाले शतकानुशतके रिकाम्या पिंपात गंधकाची वात पेटवून झाकण लावत आले. धूर पिंपाच्या लाकडात मुरला की बुरशी धजत नाही. त्याच धुराचे, म्हणजे सल्फर डायऑक्साइडचे, मीठ होऊन आलेले रूप म्हणजे मेटाबायसल्फाइट. इंग्लंडमध्ये त्याच्या गोळ्यांना चिपिंग कॅम्पडन या गावाचे नाव आहे. फळे टिकवण्याच्या संशोधनातून त्या तिथे निघाल्या. महाराष्ट्रात ते केएमएस म्हणून ओळखले जाते. कोकम सरबत, आवळ्याचा स्क्वॅश शिकवणाऱ्या महिला मंडळाच्या वर्गात चिमूटभर मोजून घालतात ते हेच. बादली-नळीसाठी ते पाण्यात विरघळवून त्यात सायट्रिक ॲसिड घालतात, कारण यालाही ब्लीचप्रमाणे आंबट पाण्यातच जोर येतो. त्याचा धूर नाकात जाऊ नये; दम्याच्या माणसाने तर त्यापासून लांबच राहावे. गंमत अशी की नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायलाही हेच कामी येते. एक गोळी पाऊणशे लिटर पाण्याला पुरते.

आणि गंधकाची गोष्ट निघाली की मराठी स्वयंपाकघरातली एक दुपार आठवावीच लागते. लोणच्याची चिनीमातीची बरणी चार दिवस उन्हात तापवलेली, आतून कोरड्या फडक्याने पुसलेली. पळीत किंवा वाटीत लालबुंद निखारा, त्यावर हिंगाची पूड, आणि धूर वर येताच त्यावर उपडी धरलेली बरणी. हिंगाच्या वासाचे मूळ गंधकाच्या संयुगांतच आहे. ऱ्हाइनच्या काठचा पिंपवाला आणि कोकणातली एखादी आजी यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते, तरी दोघांनी रिकामे भांडे धुरावर धरले. अर्थात बरणीचे अर्धे काम उन्हाने आणि कोरडेपणाने आधीच केलेले असते, उरलेले मीठ, मोहरी आणि वर तरंगणारे तेल करते. धुरीने त्याला जणू विधीचे रूप येते.

त्या विधीला मात्र बरेच काही चिकटलेले असते. लोणच्याला ओला हात लावू नये, उष्टा चमचा घालू नये, या नियमांमागे जंतू उभे आहेत, नाव ठाऊक नसले तरी. पाळीच्या बाईची सावली पडली की लोणचे नासते, या नियमामागे कोणीही उभे नाही. सोवळ्याच्या यादीत दोन्ही एकाच आवाजात सांगितले गेले आणि घरोघर मुलींना तो आवाज ऐकावा लागला. त्यातला एक नियम बुरशीला दूर ठेवत होता, दुसरा फक्त माणसाला. सूक्ष्मदर्शकाचा हा एक उपकार फार कमी वेळा मोजला जातो, की तो या दोन नियमांना वेगळे करतो.

उरलेले उपाय थोडक्यात. उष्णता सर्वांत स्वस्त आणि तिचा वास मागे राहत नाही. काचेचे आणि धातूचे जे काही उकळता येते ते दहा-पंधरा मिनिटे उकळावे. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभराऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास जाते, आणि उकळीला न जुमानणारे बीजाणूही तिथे पंधरा-वीस मिनिटांत हार मानतात. घरोघरी शिट्ट्या मारणारे हे भांडे प्रयोगशाळेतल्या यंत्राचे सख्खे भावंड आहे, याची फार थोड्या स्वयंपाकघरांना कल्पना असते. रबरी नळीला मात्र ही उष्णता सोसत नाही. जखमेवर लावायच्या आयोडीनचा धाकटा भाऊ, दुधाच्या धंद्यात वापरतात तो आयडोफोर, दशलक्षात साडेबारा भाग एवढ्या पातळ द्रावणात दोन मिनिटांत काम करतो. पाण्याचा चहासारखा रंग गेला की त्याचा जोर गेला, इतका तो सरळ आहे.

स्पिरिटचे गणित उलटे आहे. शंभरापाशी जाणाऱ्या स्पिरिटपेक्षा सत्तर टक्क्यांचे जास्त मारक, कारण प्रथिने विस्कटायला पाण्याचीही गरज लागते. नुसते कडक स्पिरिट जंतूचे बाहेरचे कवच आवळून टाकते आणि आत पोचतच नाही. हे गणित २०२० च्या मार्चनंतर साऱ्या जगाला तोंडपाठ झाले. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी मळीपासून काढलेले स्पिरिट त्या दिवसांत सॅनिटायझरच्या बाटल्यांत भरले, आणि ज्या घरांत मद्याचे नाव काढायची चोरी होती तिथे देवघराशेजारी मद्यार्काचा फवारा येऊन बसला. घरी बिअर करणारे त्याआधीपासून तो फवारा खिशात घेऊन हिंडत होते. बाटलीचे तोंड, नळीचे टोक, यीस्टच्या पाकिटाचा कोपरा कापायची कात्री, इतक्या छोट्या जागांना तो बरोबर.

ही सगळी तयारी न करणारेही लोक आहेत, आणि त्यांना अडाणी म्हणता येणार नाही. नॉर्वेतले शेतकरी ज्युनिपरच्या फांद्या गरम पाण्यात उकळून त्या काढ्याने आपली लाकडी भांडी धूत आणि तोच काढा बिअरलाही वापरत. ब्रसेल्सजवळ लांबिक नावाची बिअर करणारे थंडीच्या रात्री वर्ट उथळ, उघड्या हौदात निवायला ठेवतात, खिडक्या मुद्दाम उघड्या, येईल त्याला या म्हणत. त्यात येणारे ब्रेटानोमायसिस नावाचे यीस्ट १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्याच प्रयोगशाळेत क्लाउसेन यांनी ओळखले. इतर ठिकाणी ज्याच्या एका पेशीने बादली ओतून द्यावी लागते, ते तिथे सन्मानाने येऊन दोन-तीन वर्षे पिंपात राहते. गोव्यात काजूची बोंडे तुडवून काढलेला रस मातीच्या मडक्यात ठेवला जातो. त्यात यीस्ट कोणी घालत नाही, ते बोंडांच्या सालीवरूनच येते. तीनेक दिवसांत रस फसफसतो आणि मग भट्टीवर चढतो. २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शनाचे मानपत्र मिळालेल्या या फेणीच्या वाटेत ब्लीचची बादली कुठेच लागत नाही. चुकलेले काही असेल तर ते बऱ्याच अंशी आगीने मागे राहते. बिअरला ही सवलत नाही, तिच्यानंतर आग नसते.

म्हणून शेवटचे काम तसे लहानच असते. दुसऱ्या बादलीतले पाणी मोरीत जाते, त्यातले थोडे ओटा पुसायला. खळबळलेल्या पहिल्या बादलीत, निवलेल्या पाण्यात, यीस्टचे पाकीट रिकामे होते. झाकण दाबून बसवतात, वर काचेची वळणदार एअरलॉक, तिच्यात दोन बोटे पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी, कधी रात्रीच, त्या पाण्यातून एक बुडबुडा वर येतो, मग थोड्या वेळाने दुसरा. घरातले लहान मूल तो मोजत बसते. यीस्ट साखर खाते तेव्हा कार्बन डायऑक्साइड सोडते, रानटी यीस्टही तेच सोडते, लॅक्टोबॅसिलसच्या काही जातीही. बुडबुड्याच्या आवाजावरून आत कोण जेवायला बसले आहे ते कळत नाही. ते कळायला अजून दोन आठवडे आहेत, आणि तोवर झाकण उघडायचे नसते.